पीरूभाई पेंटरची उभी पट्टी

राहुरीतल्या कुठल्याही दुकानात पीरमहंमद पेंटर शिरला की दुकानदार आधी चहा सांगायचा आणि मग नाही म्हणायचा. पीरमहंमदला त्याचं वाईट वाटत नसे. चहा आला म्हणजे माणूस बसणार, बसला म्हणजे ऐकणार, आणि ऐकलं म्हणजे आज ना उद्या घेणार. खांद्यावरची कापडी पिशवी उतरवून तो काउंटरवर पुठ्ठ्याचे तुकडे मांडायला लागे. त्यांच्याबरोबर एक शाळकरी पाटी असे. तिच्यातला दगड कधीच फुटला होता, नुसती लाकडी चौकट उरली होती.

"हा समजा तुमचा मोबाईल," असं म्हणत ती चौकट तो शेटजींच्या तोंडासमोर धरायचा आणि एकेक पुठ्ठा तिच्यात बसवून दाखवायचा. "ही जाहिरातीची आडवी लांब पट्टी बातम्यांच्या पानाच्या डोक्यावर बसती. हिला मी फेटा म्हनतो. पान उघडलं की पयली नजर फेट्यावर. हा चौकोन बातमीच्या पोटात बसतो. मानूस वाचत वाचत खाली आला की त्याला ह्याच्यावरनंच पुढं जावं लागतं. आन ही तळाची बारीक पट्टी म्हंजे गोचीड. पान वर सरकवा, खाली सरकवा, कडंची बारीक फुली दाबल्याबिगर ही जागची हलायची न्हाई."

"आन हा एवढा मोठा कोन?" दुकानदार हमखास विचारी.

"हा जावई! पान उघडायच्या आदी दार अडवून उभा. ह्याच्या बी कोपऱ्यात फुली असती, ती दाबल्याबिगर पुढं जाता येत न्हाई. पन जावई लई दिवस ठेवू न्हाई, लोकं वैतागत्यात."

मग नंदीबैल निघायचा. एकाच मापाचे तीन पुठ्ठे, तीन चित्रांचे, तो चौकटीत भराभरा पालटून दाखवी: आधी रिकामं ताट, मग भरलेलं ताट, मग खानावळीचं नाव. हलती जाहिरात ती हीच. दुकानदार हसला की पीरमहंमदला कळायचं, बेत जमला.

पिशवीच्या तळाशी मात्र एक पुठ्ठा तसाच राहायचा. उभा, अरुंद, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. त्याचं नाव खांब. ही पट्टी पानाच्या कडेला उभी असते, पण नुसती कॉम्प्युटरवर. मोबाईलवर तिला जागा नाही आणि मोबाईल सोडून बातमी वाचतो कोण? खांब कुणी घेत नसे. तरी पीरमहंमदनं तो कधी टाकून दिला नाही. अक्षराखाली अक्षर लिहिण्यात त्याची हयात गेली होती आणि तसं लिहायला जागा असलेली तेवढी एकच पट्टी होती.

आता ही विद्या त्याला दिली कुणी? निकितानं. राहुरीत एका खोलीत बसून ही पोरगी 'मुळाकाठ वार्ता' नावाचं बातम्यांचं पान चालवायची. कांद्याचा भाव, धरणाचं पाणी, कुणाचा वाढदिवस, कुणाचा दशक्रिया विधी, सगळं तिच्या पानावर. तिच्या वडिलांच्या, गहिनीनाथच्या, बियाण्याच्या दुकानाची पाटी एके काळी पीरमहंमदनं रंगवली होती. फ्लेक्स आला तसं रंगाचं काम बसलं. रात्रीतून छापून येणाऱ्या त्या फडक्यापुढं ब्रशवाल्याला कोण विचारतो? पीरमहंमद काही दिवस नुसता डबे उघडायचा, रंग ढवळायचा आणि पुन्हा झाकण लावायचा. निकितानं ते पाहिलं आणि म्हणाली, "चाचा, माझ्या पानाला गिऱ्हाईक आणाल का? सगळ्या दुकानांत तुम्हाला ओळखतात." तेव्हापासून तो मोपेडवर बसून घोडेगावहून राहुरीपर्यंत फिरू लागला. पुठ्ठ्यांची कल्पना मात्र त्याची स्वतःची, आणि पुठ्ठा रजियाचा. म्हणजे त्याच्या बायकोच्या बांगड्यांच्या खोक्यांचा.

रजिया बांगड्या विकायची, असं म्हटलं तर ती चिडायची. "इकत्यात ते दुकानात. मी बांगड्या भरती," म्हणायची. आणि ते खरंच होतं. समोर बसलेल्या बाईचा हात ती आधी आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, बोटं एकत्र जुळवायची, आणि ह्या सगळ्यात बाईच्या सासूची, लेकराची, गुडघ्याची चौकशी करत करत बांगडी कधी मनगटात घालायची ते बाईलाही कळायचं नाही. कामानं घट्टे पडलेला हात असो की नव्या नवरीचा, काच फुटून रक्त आलंय असं तिच्या हातून सहसा झालं नाही. चुडा भरून झाला की बाई तिला वाकून नमस्कार करायची. तशी रीतच आहे. रजिया तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "सुखी ऱ्हा गं बाई."

घोडेगावच्या बाजारात वेशीजवळच्या लिंबाखाली तिची जागा. सासूची होती, तिच्याकडं आली. जनावरांच्या बाजाराला गडी माणसं गेली की बाया लिंबाखाली यायच्या. तिथं पाटी नव्हती. पेंटरच्या बायकोला पाटी नाही, म्हणजे दिव्याखाली अंधारच की! लग्न झाल्यापासून पीरमहंमद म्हणत होता, "तुला एक झ्याक पाटी लिवून देतो." आणि रजिया म्हणत होती, "कशाला? लिंब हाय की." नवराबायको घरात दखनीत बोलत, पण भांडायला आणि जिवाचं सांगायला दोघांना मराठीच लागायची, आणि हे भांडण जुनं, लाडाचं होतं.

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि लिंब गेला. लिंबाबरोबर जागा गेली. बाजाराची ती ओळ उचलून पार पल्याड नव्या मैदानात नेली आणि रजियाच्या वाट्याला आली अगदी मागची जागा, सुकट-बोंबीलवाल्यांच्याही पलीकडची. तुम्हीच सांगा, हिरव्या चुड्याला आलेली नवरी बोंबलाचा वास ओलांडून जाईल का? बाया वेशीपर्यंत येत, लिंब दिसत नाही म्हणताना इकडंतिकडं बघत आणि दुकानातल्या तयार बांगड्या घेऊन घरी जात. रजिया संध्याकाळी भरलेली खोकी तशीच डोक्यावर घेऊन परत यायची.

असे बरेच बाजार गेले. एका संध्याकाळी तिनं खोकी कोपऱ्यात ठेवली आणि भाकरी थापता थापता, नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "नागपंचमीचा बाजार तेवढा करती. त्या दिवशीसुद्धा बाया आल्या न्हाईत तर माल कुनाला तरी देऊन टाकती. घरीच बसीन मग."

"बस की, आराम कर," पीरमहंमद म्हणाला.

"आराम?" तिनं पीठ लागलेले हात वर धरले. "ह्या हातांनी काय करू मंग? नुसत्या भाकऱ्या?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तिचा स्वभाव तसला नाही. पण ते दोन हात चुलीच्या उजेडात असे काही उघडे दिसले की पीरमहंमदनं तोडलेला घास पुन्हा ताटात ठेवला. नागपंचमीच्या आधी बाई हातात नवी बांगडी भरणार, ही पिढ्यांची चाल. त्या बाजारालाही हिची खोकी भरलेली परत आली तर ही पुन्हा उठायची नाही, हे त्याला कळत होतं. माणूस कामानं थकत नाही हो, कुणी विचारेनासं झालं की थकतं.

दुसऱ्या दिवशी तो निकितासमोर जाऊन बसला. चहा आला, तो त्यानं बशीत ओतून संपवला. शेवटी म्हणाला, "पोरी, मला एक पट्टी पायजे. माझी सोताची. रजियाच्या नावाची. नागपंचमी हाय म्हनून."

"एवढंच ना चाचा? मी तर कधीपासून म्हणतेय. पैशाचं नाव काढायचं नाही."

एवढंच सांगून पीरमहंमद उठला. जागा बदलली, बाया येत नाहीत, रजिया खचलीय, ह्यातलं अक्षरही त्यानं काढलं नाही. बायकोचा धंदा बसलाय हे पोरीच्या वयाच्या मुलीला सांगायची त्याला लाज वाटली. आणि निकिता राहुरीची. घोडेगावचा लिंब गेला की राहिला, तिला काय ठाऊक?

फोटोसाठी निकिता स्वतः त्यांच्या घरी आली, बांगड्या भरायच्या निमित्तानं. "चाची, एक फोटो काढू?" तिनं विचारलं.

"तोंडाचा नको गं बाई," रजिया म्हणाली. "काढायचा तर हाताचा काढ. हात अख्ख्या तालुक्यानं बघितलाय."

तोच फोटो घेतला. निकिताचा गोरटेला हात आणि त्याला दोन्हीकडून धरलेले रजियाचे सावळे, बोटांच्या सांध्यांवर फुगलेले हात, आणि अंगठ्यापाशी अडलेली एक हिरवी बांगडी. दुसऱ्या दिवशी राहुरीच्या खोलीवर निकिता म्हणाली, कॉम्प्युटरची अक्षरं टाकू. पीरमहंमद ऐकतो होय! त्यानं बरोबर आणलेला रंगाचा डबा उघडला. बऱ्याच दिवसांनी ब्रश भिजवला. पांढऱ्या कागदावर लिहिलं: 'रजियाच्या बांगड्या', आणि खाली बारीक, 'आधी हात, मग बांगडी'. 'र'चं पोट त्यानं असं गोल सोडलं की निकिता बघतच राहिली.

"कुठली जागा देऊ चाचा?" तिनं विचारलं.

"चौकोन दे, आन तळाला गोचीड. जावई नको. रजिया कुनाचं दार अडवून उभी ऱ्हायली न्हाई कवा."

"नंदीबैल करू का? बांगडी आत जाताना दिसेल."

"नको. हलतं काय नको. ती हात धरती तवा समदं थांबतं."

"आणि बोट टेकवल्यावर काय उघडायचं? फोन नंबर, काही माहिती?"

"काय उघडायला ती काय कडी हाय दाराची? नुसतं दिसू दे. पाटी खच्चून भरली की अक्षर गुदमरतं." अख्ख्या जिल्ह्यात पाट्या लिहिलेल्या माणसाला ह्यावर पोरीनं काय बोलावं? तिनं मान डोलावली आणि पट्टी चढवली.

रजियाला त्यानं काही सांगितलं नाही. बाया आल्यावर सांगू म्हणाला.

बाजाराचा दिवस उजाडला. रजिया खोकी घेऊन पुढं गेली. पीरमहंमद मोबाईल उघडून पट्टी बघत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. बातमी होती कांद्याची, आणि तळाशी रजियाचे हात. मनात म्हणाला, आता हातच्या कांकणाला आरसा कशाला! नवी टोपी घातली, सवयीनं पिशवी खांद्याला अडकवली आणि स्टँडवर आला. तर सकाळच्या एसटीनं आलेली बनुबाई समोरच. मळ्यातली म्हातारी, रजियाची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक.

"अवं पीरूभाऊ! भाबीचा हात बघितला की मोबाईलमदी! नातीनं दावला. मी म्हनलं, ह्यो हात मी झोपंत बी वळखीन! लई ग्वाड वाटलं बघा. समद्या सुनांना घिऊन आली."

पीरमहंमदची छाती फुगली. "मग जावा की लवकर. गर्दी हुईल."

"जायचं कुटं?" बनुबाई म्हणाली. "येशीपाशी जाऊन आलो आमी. लिंब न्हाई, भाबी न्हाई. तुमच्या त्या पाटीत समदं हाय, भाबी बसती कुटं त्येवढंच न्हाई."

पीरमहंमदनं मोबाईल काढला, पट्टी पाहिली. बांगड्या होत्या, हात होते, 'र'चं गोल पोट होतं. पत्ता नव्हता.

आता ह्या माणसाला वेडा म्हणू नका. ह्याच्या सगळ्या पाट्या दुकानावरच टांगलेल्या. किराणा दुकानाची पाटी किराणा दुकानाच्या कपाळावर. तिथं उभं राहून वाचणाऱ्याला दुकान कुठं आहे हे कशाला सांगायचं? पाटी तिथं दुकान, हे त्याच्या हाडात मुरलेलं. उभ्या आयुष्यात त्यानं पाटीवर 'कुठं' हा शब्द लिहिला नव्हता. आणि जिथं 'कुठं' सोडून दुसरं काहीच लिहायची गरज नव्हती, तिथं तो अक्षराचं पोट गोल करत बसला होता.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि निकिताला फोन लावला. "चाचा, आत्ता बदलते!" ती म्हणाली. "पण आधी का नाही सांगितलंत?" त्यानं फोन बंद केला. आणि बदलून तरी काय होणार? बाया घरून निघाल्या होत्या. मोबाईल पिशवीत, पिशवी काखेत. आता त्या बातम्या वाचणार नव्हत्या. वेशीपाशी येणार होत्या, जुन्या सवयीनं, आणि रिकामी जागा बघून परत जाणार होत्या. आणि पल्याड मैदानात रजिया खोक्यांपुढं बसून तिचा शेवटचा बाजार मोजत असणार.

"वैनी, सुकटवाल्यांच्या मागं, नव्या मैदानात," तो बनुबाईला म्हणाला, आणि धावत सुटला. त्या वयात, त्या गर्दीत, एका हातानं टोपी धरून.

वेशीपाशी लिंबाचा नुसता बुंधा राहिला होता. त्याच्याभोवती बाया घोळक्या-घोळक्यानं उभ्या होत्या, काही माघारी वळल्या होत्या. पीरमहंमदनं पिशवी उपडी केली. फेटा फारच बारका, चौकोन भरलेला, नंदीबैलावर ताटं काढलेली. हाताला लागला तो खांब, जो कधी कुणी घेतला नव्हता, म्हणून कोराच राहिलेला. शेजारच्या मेंढीवाल्याकडून त्यानं जनावरांना खूण करायचा लाल रंग मागून घेतला आणि बोटानंच लिहिलं. अक्षराखाली अक्षर. र, जि, या. आणि खाली नव्या मैदानाकडं जाणारा बाण. पोट गोल झालं नाही, रंग ओघळला. त्यानं तो पुठ्ठा डोक्यावर धरला आणि बुंध्यावर चढून उभा राहिला.

"रजिया तिकडं! नव्या मैदानात! सुकटवाल्यांच्या मागं!"

सगळा बाजार बघायला लागला. पीरूभाई पेंटर, ज्याची पाटी नाही असं दुकान पंचक्रोशीत नव्हतं, तो झाडाच्या बुंध्यावर पुठ्ठा घेऊन ओरडतोय. जनावरांच्या बाजारातला हनुमंत दलाल, ह्याचा जुना दोस्त, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय रं पीऱ्या, तूच बॅनर झालास व्हय?"

"व्हय! आन आज मला फुली न्हाई, कुनाला दाबून बंद करता यायचं न्हाई!" पीरमहंमद ओरडला, आणि बाया हसत हसत बाणाच्या दिशेनं निघाल्या.

ऊन चढलं, दंड भरून आले. पुठ्ठा खाली घेतला की नेमकी कुठून तरी एखादी बाई येऊन इकडंतिकडं बघायला लागायची, की हा पुन्हा हात वर करायचा. हनुमंतनं पाणी आणून दिलं ते त्यानं पुठ्ठा धरूनच प्यायलं. शेवटची एसटी जायला आली, वेस रिकामी झाली, तेव्हा कुठं तो बुंध्यावरून उतरला. आता मैदानाकडं मात्र तो पावलापावलाला थांबत निघाला. किती जणी पोचल्या असतील, कोण जाणे. बोंबलाच्या वासानं किती जणी वळल्या असतील.

रजिया बसली होती. तिच्यापुढची खोकी उघडी होती आणि आत नुसता पेंढा होता. बनुबाईची धाकटी सून तिच्यापुढं वाकून नमस्कार करत होती.

"सुखी ऱ्हा," रजिया म्हणाली, आणि नवऱ्याला बघून तिनं नेहमीचा आवाज काढला. "दिसभर कुटं हुता? बाया सांगत हुत्या, येशीपाशी कोन म्हातारा उनात वरडतोय. मी म्हनलं, असंल कुनी येडा."

"रजिया, माझी चूक झाली. पट्टीत मी पत्ताच..."

"बघितली मी पट्टी." ती म्हणाली. "हिनं दावली, सकाळी उघडलेली." तिनं बनुबाईच्या सुनेकडं बोट केलं.

सून हसायला लागली. "चाचा, मला बातमी वाचायची हुती, म्हनून मी तळाची फुली दाबाय गेले, तर चाचींनी माझा अंगठाच धरला! म्हनल्या, असू दे गं. माझ्या मानसानं लिवलंय."

रजियानं पदर डोक्यावर सारखा केला आणि भलतीकडं बघत राहिली. पीरमहंमदनं हातातला पुठ्ठा लपवायला मागं घेतला.

"दावा की," ती म्हणाली.

त्यानं पुढं केला. ओघळलेला लाल रंग, वेडीवाकडी तीन अक्षरं, खाली बाण. रजियाला वाचायला वेळ लागे. ती ओठ हलवत एकेक अक्षर खाली उतरत गेली, आपल्या नावाच्या शेवटापर्यंत, आणि मग बाणापर्यंत.

"ही चांगली हाय," ती म्हणाली. "हिच्यात पत्ता हाय."

मग तिनं त्याचा हात ओढून घेतला. दिवसभर वर धरून तो काठीसारखा ताठला होता, बोटं मिटत नव्हती. तिनं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, बोटं एकत्र जुळवली, सांधे चोळले. एवढ्या वर्षांत गावोगावच्या बायांचे हात तिनं असे धरले होते. पीरमहंमदचा हात असा धरायचं कधी कारण पडलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि बनुबाईच्या सुनेनं समजुतीनं तोंड फिरवलं.

"उद्या मोपेड काढा," रजिया हात चोळत म्हणाली. "नगरला जाऊन माल भरायचाय. पुढच्या बाजाराला कमी पडंल."